चोळीबांगडीचं वावर आणि आबाजींचं पेव

तेरवीचा शिधा आला तो असा: गहू दोन मण, रुपये सात. गूळ, रुपये चार. तूप, रुपये पाच. हरभऱ्याची डाळ, रुपये दोन. पत्रावळी जमुना माळणीनं आणून टाकल्या, पैसे घेतले नाहीत. एकूण रुपये अठरा. वर 'आबाजींची तेरवी' असं नाव घालायचं होतं, ते दोन दिवस घातलं नाही. 

मी मनकर्णा, आबाजींची म्हणजे पुंजाराम यांची नात, विधवा, उमर अडतीस, वस्ती माहेरी तेल्हारा, लिहून ठेवते ते असं. माझी शुद्ध ठिकाणावर आहे, हिशोब चुकत नाही, काही दुखणं नाही. तरी मृत्युपत्र करते, कारण बिनदुखण्याचं माणूस दोन घटकांत कसं जातं ते मी आमच्याच अंगणात पाहिलं. लिहा म्हणून मला कोणी भरीस पाडलेलं नाही. लिहू नका म्हणून मात्र पाडलं.

घर माझे थोरले भाऊ किसनराव यांचं. त्यात माझा हक्क नाही, मागणंही नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा माझा. तो माझ्यामागे महादेवाच्या देवळात ठेवावा. पुतळ्यांची माळ मोडून तिथल्या दिव्याला तेल लावून द्यावं. माझी तेरवी करू नये. पाच सवाष्णी जेवू घालाव्या, भात-वरण पुरे, तुपाची धार बेताची.

सुभद्रावहिनीला माझी लोखंडी कढई. "बाईच्या भाजीत तेल पाह्याले दिवा लागते," असं ती चारचौघींत माझ्याबद्दल म्हणाली होती. कढई जाड आहे, तेल कमी पिते. वापरून पाहावी.

आता वावर आणि पेव.

मी सोळाव्या वर्षी मोर्शीकडच्या सासरी विधवा झाले, तेव्हा आबाजी स्वतः गाडी जुंपून आले. सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी माही हाय, भाकर माह्या घरची खाईन. तुमी तिचं दुःख करू नका." त्याच साली पंचांपुढे नदीकडचं वावर आणि गावच्या पांढरीतलं ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव त्यांनी चोळीबांगडीसाठी माझ्या नावे लिहून दिलं. मग धुळपाटीवर मला अक्षरं गिरवायला बसवलं. भावकी हसली, नातीले कारकून करता काय म्हणे. आबाजी म्हणाले, "वावर तिचं, अन् कागद दुसऱ्यानं वाचावा काय?"

आमचे आईबाप मरीच्या साथीत एका आठवड्यात गेले होते. आम्हा तिघांना आबाजींनीच वाढवलं. धाकटा चंद्रभान तर त्यांच्या पागोट्याचं टोक धरल्याशिवाय झोपत नसे. बायकांसारखं पोरांत बसतो म्हणून लोक चिडवायचे. ते म्हणत, "मंग? पोरं का पाटलाच्या चावडीत वाढतात?"

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत दादांनी, म्हणजे किसनरावांनी, सगळीकडे कापूस पेरला. माझं वावरही कापसाखाली घेतलं. ज्वारी बाजारातून विकत यायला लागली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. आबाजी ओट्यावरून ओरडले, "शिंगाले चांदी, अन् खायाले कडबा नाई! बैल काय आरशात पाहून पोट भरीन?" दादांना तो राग अजून आहे. त्या शेंब्या गेल्या साली भाव कोसळल्यावर विकल्या, हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

पेव त्या वर्षांत कोणी उघडलं नाही, आतली जुनी ज्वारी तशीच राहिली. ज्यांच्या घरी दर उन्हाळ्यात पेव उघडतं त्यांना सांगावं लागत नाही, की दगड काढल्यावर कोंडलेली हवा निघून जायला एक दिवस-रात्र तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा तगला तरच माणूस उतरवायचा. चंद्रभाननं हे कधी पाहिलंच नव्हतं. पेव निघायचं तेव्हा तो गुरांमागे असायचा, आणि पुढे आमच्याकडे ही रीतच राहिली नाही. दादांना मात्र ठाऊक होती.

वैशाख शुद्ध प्रतिपदेला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी, दगड काढला. ज्वारी न्यायला व्यापाऱ्याची गाडी उभी होती. दादा म्हणाले, "काहून पाहून राहिला? उतर ना लेका! गाडी का उद्यालोक थांबते?" चंद्रभान हसत म्हणाला, "उतरतो दादा, पन वर काढा बरं मले!" हे मी ऐकलं. टोपली धरायला आलेल्या जमुनानंही ऐकलं.

तो तळाला पोचला, टोपली बांधायला त्यानं कमरेचा दोर सोडला आणि त्याचं बोलणं थांबलं. हाका मारल्या, उत्तर नाही.

आबाजी निंबाखाली बसले होते. काठीशिवाय चालताना मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, ते काठी टाकून आले. दोर वर ओढून स्वतःच्या कमरेला बांधला. मी म्हटलं, आबाजी, तुम्ही नका. म्हणाले, "मनके, दोर तू धर. बांधलेला जो येईन त्याले ओढ, कोन हाय ते पाहू नको." आणि छाती भरून श्वास घेऊन उतरले.

दोर हलला. मी आणि जमुनानं ओढला. वर आला तो चंद्रभान. ओठ काळेनिळे, पण जीव होता. दोर पुन्हा खाली टाकला. तो कोणी धरला नाही.

पाणी ओतलं, निंबाच्या फांद्या सोडून हलवल्या, दिवा सोडला, विझला. पुन्हा सोडला, विझला. सांजेला दिवा तगला, मग माणूस उतरला. आबाजी भिंतीला टेकून बसले होते, पागोटं मांडीवर, जेवायला बसल्यावर ठेवायचे तसं. मी त्या दिवशी त्यांच्या वाटची भाकरी थापून ठेवली होती. ती कोणाला वाढायची, हे मी सुभद्रावहिनीला विचारत राहिले, असं ती सांगते. मला आठवत नाही.

दहाव्याला नदीवर दादा भावकीसमोर म्हणाले, "यानं आज्याले खाल्लं. याच्या हातचं पानी नको." चंद्रभान ओंजळ तशीच धरून उभा राहिला. जमुना पलीकडच्या काठावर भाजी धूत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "किसनराव, उतर म्हने कोन?"  तेरवी होताच चंद्रभान निघून गेला. अमरावतीकडे रेल्वेच्या मातीकामावर आहे असं कळलं.

म्हणून लिहिते. नदीकडचं वावर आणि पेव माझ्यामागे चंद्रभानाचं. अर्धं वावर कायम ज्वारीचं राहील, कापूस कितीही चढो. पेव दर उन्हाळ्यात उघडावं, रीतीनं. पुढल्या आखाजीला आबाजींच्या नावाची घागर चंद्रभाननं भरावी, भावकीनं आडवं येऊ नये. दादांना यातलं काही नाही. त्यांनी चारचौघांत 'उतर मीच म्हटलं' एवढं कबूल केलं, तर माझे चांदीचे गोठ त्यांच्या मुलीच्या लग्नाला द्यावे. नाही केलं तर गोठही देवळाला.

हा कागद दोन प्रतींत आहे. एक वामनराव पाटलांकडे. दुसरी आजच्या डाकेनं चंद्रभानाकडे जाते, कारण मी मरेपर्यंत त्यानं थांबावं असं मला वाटत नाही.

साक्षी: वामनराव पाटील, दस्तुर खुद्द. जमुनाबाई माळीण, निशाणी बांगडी.
सही: मनकर्णा. मुक्काम तेल्हारा, जिल्हा अकोला. वैशाख वद्य पंचमी, शके १७८८, क्षयनाम संवत्सर.

चंद्रभान, मृगाला दिवस थोडे उरले. वावर नांगरून ठेवलं आहे, पेरायला माणूस नाही. तू येतोस की नाही, एवढं उलट टपालानं कळव. टपालाच्या तिकिटाला पैसे नसतील तर बैरंग टाक, पैसे इथं मी भरीन. मी आजवर एकही बैरंग घेतलं नाही, हे पोस्टाच्या माणसाला ठाऊक आहे. हे घेईन.