बेचाळिसाव्या वर्षी बारावी

तीर्थरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात गुडघे परवानगी देत नाहीत). तुमची पाठ कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक. तुमच्या मातोश्री खणखणीत आहेत. तुमचे बंधुराज स्वयंपाक शिकलेत, म्हणजे भात करपला की त्यांना वासावरून कळतं.

मागच्या भेटीत, ‘या वयात विज्ञानाची बारावी देऊन काय दिवे लावणार?’ असं तुम्ही मोठ्या आपुलकीने विचारलं होतंत. तेव्हा माझ्या हातात भांडी होती, म्हणून उत्तर राहिलं. ते आता सविस्तर देते.

इस्पितळात मी अठरा वर्षं मदतनीस आहे, म्हणजे रुग्णांना उठवणं, पुसणं, भरवणं, आणि कुणी काही विचारलं तर ‘सिस्टरांना विचारते’ म्हणणं. गेल्या वर्षी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास मला वेगळा वाटला. नव्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तुमचं शिक्षण काय?” मी म्हटलं, “कला शाखा.” ते हसले आणि चहा संपवून आले. तोवर आजोबांना धावतपळत अतिदक्षता विभागात न्यायची वेळ आली होती. (वाचले बिचारे. डॉक्टरांच्या प्रसंगावधानामुळे, असं कागदावर आहे.) डोळे देवाने फुकट दिले असले तरी त्यांना दिसलेलं बोलायला पदवी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि नर्सिंगच्या पदवीला विज्ञान लागतं. इतिहासात मला पंच्याहत्तर गुण होते, पण मेलेल्या राजांना नर्स लागत नाही.

तर आता संध्याकाळचा वर्ग. पहिल्या दिवशी मी आत शिरले तशी सगळी मुलं उभी राहिली. मला गहिवरून आलं. मग समजलं, त्यांना मी नव्या बाई वाटले होते. मी जाऊन शेवटच्या बाकावर बसले तेव्हा त्यांचे चेहरे जे पडले, ते आजतागायत वर आलेले नाहीत.

जीवशास्त्राचे सर सत्तावीस वर्षांचे. महिन्यापूर्वी रक्तगट ओळखायचं प्रात्यक्षिक होतं. रक्ताला घाबरायचं नसतं यावर सरांनी अर्धा तास व्याख्यान दिलं, माझ्या शेजारच्या मुलीच्या बोटाला सुई टोचली, थेंब पाहिला आणि आडवे झाले. मुलांनी लगेच मोबाइल काढले (मदतीला नव्हे, चित्रीकरणाला). मी सरांची कॉलर सैल केली, पाय माझ्या दप्तरावर उंच ठेवले (दप्तराचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला), नाडी मोजली, खिडक्या उघडायला लावल्या आणि भोवतालची गर्दी वॉर्डातल्या आवाजात हाकलली. दोन मिनिटांत सर शुद्धीवर आले. म्हणाले, “मी कुठे आहे?” मी म्हटलं, “प्रात्यक्षिक क्रमांक सहामध्ये.”

त्या प्रात्यक्षिकात मला दहापैकी दोन गुण मिळाले. निरीक्षणांचा तक्ता कोरा राहिला होता ना! विचारायला गेले, तर सर म्हणाले, “नाडी पुढच्या धड्यात आहे, मावशी.” बरोबरच आहे. बेशुद्ध पडणाऱ्याने आधी अनुक्रमणिका बघायला नको?

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी पुस्तकं रद्दीत घालायचं ठरवूनच घरी आले. दारात तुमच्या आईंनी दप्तर हातातून घेतलं आणि विचारलं, “आज काय शिकलीस गं?” त्यांना रागारागाने सांगता सांगता अख्खा धडा सांगून झाला. तेव्हापासून त्या रोज विचारतात, आणि चुकलं की मान हलवतात. (बरोबर उत्तर त्यांना ठाऊक नसतं, माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात.)

असो. तात्पर्य, सगळं उत्तम चाललं आहे आणि कुणाच्या मदतीची गरज नाही, एवढंच कळवायचं होतं. पाठ जपा.

तुमची,
भावजय

ता. क. – रसायनशास्त्राच्या सराव परीक्षेत सत्तरपैकी नऊ मिळाले. (त्यातले दोन बहुधा अक्षराचे.) खरी परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे, आणि इस्पितळ पदवीसाठी शिफारस यंदापुरतीच देणार आहे. तुम्ही कॉलेजात रसायनशास्त्रात पहिल्या यायचात आणि लग्न ठरलं म्हणून शेवटची परीक्षा दिली नाहीत, हे मला तुमच्या भावाकडून काल कळलं. वीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत. ताई, पंधरा दिवस येऊन शिकवाल का मला? टोमणे चालतील. समीकरणं सोडवताना मारलेत तर लक्षातही राहतील.

आणखी एक ता. क. – आत्ताच कळलं, तुमच्या भावाने सकाळीच तुम्हाला फोन केला आणि तुम्ही उद्याच्या गाडीने निघताय. ‘रसायनातलं मोल म्हणजे काय, एवढं तरी येतं का तिला?’ असंही विचारलंत म्हणे. (नाही येत.) म्हणजे हे पत्र तुमच्या बंद दारात पडून राहणार. पण पाकिटाला तिकीट लावून झालंय, तेव्हा टाकतेच. तुम्ही परत जाऊन वाचाल तोवर मी पेपर दिलेला असेल. चांगला गेला असेल तर सुरुवातीची पानं फाडून टाका. नसेल तर हे शेवटचं पान.