साधेपणाचा जाहीर सत्कार

ती. उकंडरावमामांच्या सेवेशी (पोरांचे मामा, ते माझेही मामाच),

संग्रामपुराहून भागवतचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, आणि म्हैस तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला धार काढू देते का, ते कळवावे. फोनच केला असता, पण तुम्ही पारावर बसून स्पीकर लावता आणि ही गोष्ट गुप्त आहे.

निशिगंधाचं लग्न साधं करायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हट्ट तिचाच. मारुतीच्या देवळात हार घालायचे, घरची माणसं, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, झालं. व्याही इतके भले की मानपानाचा शब्दही काढला नाही (त्यामुळे तुमच्या बहिणीला झोप नाही, मनात काहीतरी धरून बसले असतील म्हणते). इथवर सगळं बरं चाललं होतं. मग सहदेव चहाला आला.

सहदेव म्हणजे यंदा जिल्हा परिषदेला उभा राहणारा आपला कार्यकर्ता. तो म्हणाला, "मास्तर, असं लगन गुपचूप काऊन करता? लोकायनं पाह्यलं पायजे!" आणि साधेपणाबद्दल त्याने आमचा जाहीर सत्कार ठरवूनही टाकला. आता शाल-नारळ द्यायला पाहुणे येणार, पाहुण्यांना स्टेज लागणार, आणि देवळात स्टेज मावत नाही म्हणून बाजाराचं मैदान घेतलं. चौकात 'आदर्श साधा विवाह' असा फलक लागला आहे. त्यावर सहदेव मधोमध आहे आणि नवरा-नवरी खाली कोपऱ्यात (नवऱ्याचा फोटो दहावीचा आहे, खुद्द व्याह्यांनी ओळखला नाही). मैदानभर माणसांचं जेवण मात्र आपल्याकडे, कारण सत्कार त्याचा असला तरी लग्न आपलं आहे. आधी साधेपणावर भाषणं होतील, मग अंतरपाट. निशिगंधा तो फलक दिसू नये म्हणून मागच्या गल्लीने कामाला जाते. मामा, मला ते बघवत नाही.

बाकी ठीक. इकडे ऊन फार आहे.

आपला,
भागवत

ता. क. एक विनंती होती. तुम्ही रुसा. कारण कोणतंही चालेल. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणा (पत्रिका छापलेलीच नाही, पण कोण विचारतो?). तुम्ही रुसलात की वरवट बकालातली तुमची अख्खी गल्ली रुसते, आणि त्या गल्लीच्या मतांवाचून सहदेवचं पान हलत नाही. तुम्ही रुसलेल्या मांडवात तो पाऊल टाकणार नाही. सत्कार बारगळेल आणि आपण गुपचूप देवळात जाऊ.

पुन्हा ता. क. निशिगंधाने हे वाचलं. "मामा नसन तं मी बोहल्यावर चढत नाई, मंग मैदानात करा का देवळात," म्हणते. पोरीला मामानेच आणायचं असतं, हे रुसव्याच्या नादात मी विसरलोच. तेव्हा लग्न आदल्या संध्याकाळीच उरकू. तुम्ही मागच्या दाराने या, तिला हात धरून देवळात आणा, बट्टी खा, आणि घरी जाऊन पुन्हा रुसा.

शेवटचं. पोस्टाला फार दिवस लागतात, म्हणून हे पत्र सहदेवच्याच हाती देतो आहे. चांगली घट्ट घडी घातली आहे, तो काही उघडणार नाही. तो जीपने तुमच्याकडेच निघाला आहे, सत्काराचं अध्यक्षपद तुम्हाला द्यायला. स्टेजवर मधली गादीची खुर्ची तुमची, वर फेटा. मामा, तरीही रुसाल ना?