भिंगरीची दाढ

१२ जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. दुकान उघडून इस्त्री तापायला लावली आहे, तेवढ्यात लिहितो.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. आई कधी येणार, असं भिंगरी रोज विचारते. नर्सचं शिक्षण संपलं की, असं मी रोज सांगतो. आता एक काळजीची गोष्ट आहे, पण तू घाबरू नकोस. मी आधीच घाबरून घेतलं आहे.

शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वर्गातल्या निम्म्या मुलांचे दात किडलेले निघाले. भिंगरीच्या खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेला भोक पडलंय, दवाखान्यात घेऊन या, असा निरोप आला. गार पाणी लागलं की पोर कळवळते. सगळा घास एकाच गालात धरून चावते. तो फुगलेला गाल बघून आधी हसू येतं, मग मी घास कुस्करून देतो.

आमचे टेलरमास्तर म्हणतात, एवढ्याशा पोरीचे दात दुधाचेच असणार, कशाला दवाखाना? दोरा बांध आणि हिसका दे. त्यांच्या तिन्ही पोरांचे त्यांनी असेच काढले म्हणे. जीन्सचा जाड दोरासुद्धा त्यांनीच काढून दिला. गाठ पक्की बसते का, म्हणून मी ती एका कोटाच्या बटणावर ओढून पाहिली. बटण निघालं, गाठ नाही. तुझी हरकत नसेल तर रविवारी काढतो. लगेच कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा बारक्या


१५ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खबरदार त्या दोऱ्याला हात लावलास तर! दाढ हलते का, हे तरी पाहिलंस का? शर्टाची बाही चारचारदा मोजणारा तू, आणि माझ्या लेकीच्या तोंडात माप न घेताच कात्री घालायला निघालास?

मी इकडे यायच्या आधी भिंगरीची हिरडी सुजली होती. बघितलं तर सगळ्यात मागे नवी दाढ वर येत होती. पुढचा एकही दात पडला नव्हता, म्हणून मलाही ती दुधाचीच वाटली. काल आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागे, काही न पडताच येते, ती दाढ कायमची. काढली तर पुन्हा येत नाही. दुधाची समजून कितीतरी घरांत ती अशीच घालवतात. वेळेवर नेलं तर भोक बुजवता येतं.

तेव्हा आधी दवाखाना. आणि खरं सांग, साखर घातलेलं दूध पिऊन ती तशीच झोपते का? तिला रागावू नकोस. मास्तरांवर मी आल्यावर सावकाश रागावेन. वसतिगृहात फोन नाही, जीव टांगणीला लागलाय. हे पत्र रविवारच्या आत पोचू दे, एवढंच.

रागावले तरी तुझीच,
ताई


२१ जुलै, दुपारी दीड. मास्तर जेवायला गेलेत.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. म्हणजे रविवार होऊन गेला होता. थांब, पुढे वाच.

रविवारी सकाळी तिला खिडकीपाशी बसवलं. दोरा कसाबसा दाढेभोवती अडकवला आणि टोक हातात घेतलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंडात दोरा असतानाच बोबडं विचारलं, आईने हो म्हटलंय ना? तिचं पत्र यायचंय, असं म्हणालो. तर ती म्हणाली, मग थांबू या की. मास्तर बघायला आले होते. एवढा भित्रा माणूस कापड कसं कापतो कोण जाणे, म्हणाले. मी दोरा सोडवला.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं जे तुझ्या सिस्टरनी सांगितलं. कीड अजून दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती. त्यांनी दाढ साफ करून भोक बुजवलं. ताई, दाढ वाचली. भिंगरी वर्गात सांगत सुटली आहे की आपल्या दाढेला रफू केलंय. झोपतानाच्या साखरेच्या दुधाचं तू ओळखलंस ते खरं आहे. आता आधी दूध, मग ब्रश, आणि मागच्या दाढा मी स्वतः घासतो.

एक सांगायचं टाळत होतो. मामा आधी बसला तरच मी बसेन, असा भिंगरीने खुर्चीपाशी हट्ट धरला. मी बसलो. बाईंनी माझ्या तोंडात दिवा धरला आणि एकेक दाढ टोकरून पाहिली. मग मोठा उसासा टाकला. माझ्या दोन दाढांचं काम पुढच्या गुरुवारी आहे. हात धरायला भिंगरी येणार आहे, पण मला आत्तापासूनच घाम फुटलाय.

खर्च: केसपेपर, बसची तिकिटं, एक लहान ब्रश.
देणं: मास्तरांना अर्धा दिवस.
येणं: मी पळ काढू नये म्हणून ताईकडून एक खरमरीत पत्र, गुरुवारच्या आत पोचेल असं.

तुझा बारक्या