टपोरं तेवढं बियाला

धारवाड, वैशाख १९८४

विमलाक्का,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता वाकून नमस्कार. लग्नानंतर मी पहिल्यांदा अळणावरला आले तेव्हा तुम्ही मला शेंगा सोलायला बसवलंत, आणि मी आधी मांडीवर रुमाल अंथरला (कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण). सगळ्या हसल्या. तुम्ही मात्र गुपचूप आपल्याही मांडीवर रुमाल घेतलात. त्या दुपारच्या भरवशावर आज लिहिते आहे.

गुडघ्याला तेल लावता ना? मी बरी आहे. सकाळी अजून दोघांचा चहा टाकते (ह्यांचाही मीच पिते, पित्त वाढलं आहे).

तुमच्या भावाचं सोयाबीन तुम्हाला ठाऊक आहेच. सगळं शेतीखातं टपोऱ्या दाण्याच्या मागे, आणि हे दर हंगामात सर्वांत बारीक दाण्याची झाडं निवडून त्यांचंच बी पुढे पेरायचे. दाणा मिऱ्याएवढा हवा, कारण जपानात असले दाणे शिजवून, आंबवून भातावर घेतात आणि त्याला भावही चांगला देतात, असं एका व्यापाऱ्यानं कळवलं होतं. साहेब म्हणायचे, "पद्मनाभराव, लोक पीक वाढवतात, तुम्ही आटवता." निवृत्तीनंतर उणकलच्या आपल्या शेताच्या तुकड्यात तेच चालू राहिलं. एकदा तर ह्यांनी तो जपानी पदार्थ घरीच करून पाहिला. शिजवलेले दाणे पेंढ्यात गुंडाळून बंबाशेजारी ठेवले. वासानं शेजारच्या सरस्वतीबाई काठी घेऊन मेलेला उंदीर शोधायला आल्या, तर ह्यांनी त्यांनाच चाखायला दिलं. (त्या अजून आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत.)

मार्गशीर्षात हे गेले. बियाण्याचं पोतं माजघरात तसंच राहिलं. मिरगाला ते पेरायचं, एवढंच मी ठरवलं होतं. उगवलं असतं तर ह्यांचं काहीतरी अजून चालू आहे असं वाटलं असतं. परवा मी देशपांडे नगरला डॉक्टरांकडे गेले होते, तेवढ्यात तुमचे चुलतभाऊ भीमराव आले आणि वैनीला मदत म्हणून अख्खं पोतं चाळून मोकळे झाले. मी परतले तर ते घामाघूम, पण चेहरा उजळलेला.

"वैनी, बारीक सगळं काढून म्हशींना घातलं बघा. टपोरं तेवढं बियाला ठेवलंय. अण्णाचं नाव राहायला पाहिजे की."

त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी बी असंच राखलं. साठी उलटलेला माणूस, डोळे भरलेले. मी चहा केला.

"साखर इसरलात काय वैनी?" म्हणाले. विसरले होते खरी.

बाकी सगळं ठीक.

तुमची
लीला

ता. क. ह्यांनी दिवाळीत तुम्हाला उसळीसाठी डबाभर तेच दाणे दिले होते. तुम्हाला ते आवडले नसावेत, अशी रोज प्रार्थना करते आहे.

पुन्हा ता. क. उरले असतील तर अर्धे खात्यातल्या वेंकटेशला द्या. ह्यांच्या हाताखाली शिकला आहे, तो बारीकच निवडेल. अर्धे भीमरावांना, उणकलला पेरायला. न चाळता पेर, एवढं थोरली बहीण म्हणून तुम्ही सांगा (कारण सांगू नका, कळलं तर ते जेवायचे नाहीत). मला एकही दाणा देऊ नका. मी तो डबीत घालून जपून ठेवीन, आणि सोयाबीनचं बी जपून ठेवलं की मरतं, असं हेच म्हणायचे.