एकतीस क्रमांकाचा गठ्ठा

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोकला कमी झाला का, ते आधी कळव. मग पुढचं वाच.

डॉक्टरेटच्या मुख्य विषयाला एक दुय्यम विषय जोडावा लागतो. फॉर्म तीस तारखेच्या आत द्यायचा आहे. माझ्यापुढे दोनच उरलेत, शिक्षणाचा इतिहास आणि परीक्षामापन. इतिहास जमेल. हवं आहे मापन, पण त्यात आकडे आहेत आणि आकड्यांची मला भीती वाटते. दुय्यम विषयात नापास झाले तर मुख्य विषयही थांबतो.

मार्गदर्शक बाईंनी तळघरातली खोली दाखवली. लोखंडी फडताळं, शिष्यवृत्ती परीक्षेचे जुने गठ्ठे. एका वर्षी प्रत्येक उत्तरपत्रिका पहिल्या तपासनिसाला न कळवता दुसऱ्याकडूनही तपासून घेतली होती. दोघांचे गुण कुणी ताडून पाहिलेच नाहीत. मापन घेतलं तर ते काम माझं. दादा त्याच वर्षी परीक्षेला बसला होता. तूही तपासायला होतीस ना? गठ्ठ्यांवर नावं नाहीत, तपासनिसांचे फक्त क्रमांक आहेत.

तुझ्या उत्तराशिवाय फॉर्मला हात लावणार नाही. लोभ आहेच, तो खोकल्यानं पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भुंगी


९ मार्च

चि. भुंगीस अनेक आशीर्वाद.

खोकला आहे तिथेच आहे. तू इतिहास घे.

आठव, सातवीत भागाकार करताना रडून वही भिजवली होतीस. आपलं अंथरूण आपल्याला ठाऊक असावं. त्या गठ्ठ्यांत धुळीशिवाय काही सापडायचं नाही, आणि धूळ तुला सोसत नाही.

दादा रविवारी येऊन नळ दुरुस्त करून गेला. कारखान्यात लेथवर काम करून त्याच्या बोटांचे ठसे पुसले गेलेत. म्हणाला, घरातली सगळी हुशारी भुंगीनं पळवली, तर माझ्या वाटणीचीही वापर म्हणावं.

फॉर्म आजच भरून टाक. तीस तारखेची वाट कशाला बघायची? माया आहे, म्हणून सांगते.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

तू मला आजवर कशालाच नाही म्हणाली नव्हतीस. तुझं पत्र चारदा वाचलं.

बाईंनी सरावाला दहा गठ्ठे दिले. आकडे चावले नाहीत. दोन तपासनिसांत एक-दोन गुणांचा फरक सगळीकडे पडतो. क्रमांक एकतीसचा तर तोही पडत नाही, सोनाराचा काटाच. फक्त एका उत्तरपत्रिकेत निबंधाला सहा गुण कमी दिलेत. बाई म्हणाल्या, दमला असेल बिचारा.

मी ती उत्तरपत्रिका काढली. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंना समास आहे. आत्या, दोन्ही बाजूंना समास आखायला आम्हाला तू शिकवलंस. साऱ्या शाळेत आम्ही दोघंच तसे आखायचो आणि मुलं हसायची.

गठ्ठा परत बांधून ठेवला. दादाची शिष्यवृत्ती किती गुणांनी गेली, ते लिहू नकोस. चार. मला आठवतं.

आता आकड्यांची भीती वाटत नाही, तुझ्या उत्तराची वाटते. इतिहासाचा फॉर्म भरला आहे. सही केलेली नाही. लोभ असू दे, काहीही लिहिलंस तरी.

भुंगी


२१ मार्च

चि. भुंगीस,

एकतीस मीच.

समास दिसले आणि उत्तरपत्रिका कुणाची ते कळलं. नियम असा होता की घरच्या मुलाची उत्तरपत्रिका आली तर गठ्ठा मुख्य तपासनिसांकडे परत द्यायचा. दिला तर पुढच्या वर्षी तपासायला बोलावणार नाहीत, असं वाटलं. ठेवला, तर भाच्याला झुकतं माप दिलं म्हणतील. म्हणून सहा गुण कापले. आता कुणी बोट दाखवणार नाही म्हटलं. त्याला सहा गुण सहज पेलतील अशी माझी खात्री होती.

शिष्यवृत्ती गेली आणि त्याच वर्षी त्यानं शाळा सोडली. तो पाना हातात घेऊन नळाखाली वाकतो तेव्हा मी स्वयंपाकघरात थांबत नाही. आज विचारेल, आज विचारेल, असं करत इतकी वर्षं गेली.

आणि तो भागाकार. वही भिजली होती खरी, पण एकही उत्तर चुकलं नव्हतं. ते मी तुला लिहिलं नाही. मी दुसऱ्यांदा गुण कापत होते.

मापन घे. एकतीसपासून सुरुवात कर.

दादाला रविवारी बोलावलं आहे. नळ नीट चालतो आहे, त्यामुळे बोलवायला निमित्त नव्हतं. लोभ मागण्याचा अधिकार या वेळी मला नाही.

आत्या


२६ मार्च

चि. भुंगी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. समास मात्र दोन्ही बाजूंना आखला आहे. हात विसरत नाही.

आत्यानं सांगितलं. मी चहा संपवला. ती म्हणाली, काहीतरी बोल. उठलो आणि निघालो. खाली रस्त्यावर आल्यावर कळलं की सवयीनं नेलेली हत्यारांची पिशवी वरच राहिली. परत चढलो नाही.

मला वाटायचं, आपल्याला लिहिताच येत नाही. मुलगी वही घेऊन आली की मी तिला तिच्या आईकडे पाठवतो. या सोमवारीही पाठवलं.

निबंध कशावर होता तेही आठवत नाही. तेवढी नक्कल पाठव. दुसऱ्यानं दिलेले गुणही वर लिही, ठळक.

फॉर्मवर सही कर. चार दिवस उरलेत.

पिशवी आणायला कधी जाईन, ठाऊक नाही. हत्यारं तिच्याकडे आहेत आणि तिचा जिना मला पहिल्यांदाच उंच वाटतो आहे.

तुझा,
दादा