उमेदवारी एक, पानं दोन

अहो, विसरलात ना? विसरणारच. जिवंत होतात तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधायचात, आता तर वर जाऊन इतकी वर्षं झाली. म्हणून मीच आठवण करून देते. यंदा तुमचं श्राद्ध दोनदा झालं. मुलानं तिथीला केलं, इथे लंडनलाच, हॅरोत, त्याच्या घरी. मुलीनं तारखेला केलं, वॉटफर्डला, तिच्या घरी. दोघांनीही मला न्यायला गाडी पाठवली, पोटभर जेवू घातलं, आणि एकानंही दुसऱ्याचं नाव काढलं नाही. तुम्ही कुठे जेवलात? की नेहमीसारखा स्टॉप चुकून तिसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसलात?

मला लिहिता येत नाही, एवढं तरी आठवत असेल. वरच्या खोलीत पुण्याची एक मुलगी भाड्यानं राहते, तिचं काम कॉम्प्युटरवर. मी बोलते, ती फोनवर उतरवून घेते. मध्येच थांबते आणि विचारते, "आजी, हेपण लिहू?" मी म्हणते, लिही गं, त्यांना चष्म्याशिवाय कुठे वाचता येणार आहे!

तर झालं असं. आपल्या भागातून पार्लमेंटला उभं करायला पक्षाला उमेदवार हवा होता. पक्ष तुमचाच हो, ज्याची पत्रकं तुम्ही बसची ड्यूटी संपवून दारोदार टाकायचात आणि ज्यांच्या घड्या मी इथे किचनच्या टेबलावर घालायचे. अक्षर एक कळायचं नाही, पण घडी अशी की तुम्ही चारचौघांत दाखवायचात. उमेदवार निवडायचा मेंबरांनी. आणि उभं कोण राहिलं? आपला मुलगा, आणि आपली मुलगी. मी दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, एकानं मागं व्हा. तो म्हणाला, "आई, मी इतकी वर्षं इथल्या नगरपालिकेत कौन्सिलर आहे." ती म्हणाली, "म्हणूनच." मी चहा टाकायला उठले.

दोन महिन्यांत आटपेल म्हणाले होते. पण पक्षाच्या वरच्या ऑफिसला कधी हॉल मिळेना, कधी तारीख जमेना, कधी कुणी तक्रार केली म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. गणपतीत सुरू झालेलं होळी उलटली तरी चालूच. मला सारखे तुम्ही आठवायचात. पुढच्या खोलीत तुमची मीटिंग भरली आहे, दोन माणसं उमेदवारीवरून एकमेकांच्या अंगावर ओरडतायत, मी चहाचा ट्रे घेऊन आत येते आणि म्हणते, मिटवा की एकदाचं. आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणता, "तू चहा बघ. भांडण लांबलं की माणसं जागी राहतात. उकळू द्यावं, रंग चढतो." सगळे हसले होते. मी चहा बघितला. जन्मभर तेवढंच बघितलं, म्हणून सांगते : उकळताना वास छान सुटतो, पण उतू गेला की शेगडी पुसायला मीटिंगमधलं कुणी आत येत नाही.

खोटं कशाला बोलू, बरेच महिने तुमचंच खरं ठरत होतं. आपली मुलगी, जी शाळेच्या स्टेजवरून रडत खाली उतरली होती, ती हॉलभर माणसांपुढे कागद न बघता बोलायला लागली. मुलगा, जो मतं मागण्यापुरता लोकांच्या दारात जायचा, तो म्हाताऱ्यांच्या घरांत बसून ओल आलेल्या भिंती बघायला लागला. नवे मेंबर किती झाले! या पुण्याच्या मुलीलासुद्धा, आपल्या बाजूची मेंबर व्हावी म्हणून, दोघांनी सोडलं नाही. तो हिला स्टेशनपर्यंत लिफ्ट द्यायचा, ती हिच्यासाठी वेम्बलीहून हापूस आणायची. (ही म्हणते, "आजी, हे नको ना लिहायला." लिही. आंबे खाताना नाही लाजलीस.)

मग मुद्दे संपले आणि माणसं उरली. रोज त्याच मेंबरांपुढे नवं काय बोलणार? शेवटच्या सभेत त्यानं बहिणीबद्दल सांगितलं, "तिनं वॉटफर्डला घर घेतलं तेव्हाच हा भाग सोडला. आता सीट दिसली म्हणून परत आलीय." तिनं त्याच्याबद्दल सांगितलं, "भाडेकरूंच्या ओलीवर रडणारा हा माणूस स्वतः घरमालक आहे." हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत. मला दोन्ही बाजूंच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

उमेदवारी ती जिंकली, थोडक्या मतांनी. आणि लगेच मोठी निवडणूक लागली. एका दुपारी दारातून पत्रक पडलं. मी उचललं तर काय, दोघांचे फोटो! शेजारी शेजारी, लहानपणी शाळेच्या फोटोत उभे राहायचे तसे. मला वाटलं, मिटलं. भाऊ बहिणीच्या प्रचाराला उभा राहिला. ही पुण्याची मुलगी ऑफिसला गेलेली, विचारू कुणाला? मी ते पुढच्या खिडकीला चिकटवलं, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं, चारही कोपऱ्यांना टेप लावून. देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी मुलगी आपल्याच रस्त्यावर प्रचार करत आली, बरोबर तिची माणसं. खिडकीसमोर थांबली. पत्रक समोरच्या पक्षाचं होतं. फोटोखाली मोठ्या अक्षरांत आपल्या मुलाचं वाक्य : वॉटफर्डला गेली तेव्हाच हा भाग सोडला. खाली छापलेलं, सख्खा भाऊच सांगतोय. विरोधकांना काही शोधावं लागलं नाही हो. आपल्याच घरात महिनोन्महिने दळून, चाळून ठेवलेलं आयतं पीठ मिळालं.

ती आत आली आणि एवढंच म्हणाली, "आई, त्यानं लावलं ना हे?" मी म्हटलं, अगं मी लावलं, तुमचे फोटो बघून. ती म्हणाली, "तू त्याला कायम पाठीशी घालतेस." बाहेर तिची माणसं माना खाली घालून उभी. तिनं टेपही नीट सोडवली नाही, पत्रक फाडूनच काढलं. अर्धा भाऊ काचेवरच राहिला.

ती पडली. तिचे लोक म्हणतात, त्यानं पाडलं. त्याचे लोक म्हणतात, तो उभा असता तर आला असता. पक्षाची मोठी माणसं टीव्हीवर सांगत होती की लांबलेल्या लढतीनं पक्ष मजबूत झाला, नवे मेंबर मिळाले. झाला असेल. पक्षाला काय, पुढची निवडणूक आहे, पुढचे उमेदवार आहेत. मला मुलं दोनच आहेत. तुमच्याकडे मीटिंग भरत असेल तर हा मुद्दा मांडा, आणि चहा तुम्ही बघा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तिच्या फोनमध्येच राहू दे. एक मात्र तुम्हालाच सांगते. त्या महिन्यांत दोघं रोज यायचे, तो सकाळी, ती संध्याकाळी, माझ्याकडून एकमेकांची खबर काढायला. माझं किचन तुमच्या वेळेसारखं भरलेलं असायचं. वरच्या ऑफिसनं तारीख पुढे ढकलली की मी बाहेर कपाळाला हात लावायचे, आणि आत बरं वाटायचं.

परवा सर्वपित्री. पान मी माझ्याच घरी वाढणार, एकच. म्हणून पोरी, आता त्यांना नाही, या दोघांना मेसेज लिही. मुलाला लिही, यायचं नसेल तर येऊ नकोस, पण उडदाचे वडे पाठव, मऊ, त्यांना कडक चाववत नाहीत. मुलीला लिही, तांदळाची खीर पाठव, आणि पुरेल एवढी पाठव, तुझ्या भावाला दोन वाट्या लागतात.