सेठजींची गाडी निघेपर्यंत

इंदूर, रविवार, ७ डिसेंबर

चि. श्रिया,

आशीर्वाद. थंडी वाढलीय. हॉस्टेलवाले खोलीत हीटर लावू देतात का? घरी सगळं ठीक. गीझर आता वेळेवर बंद होतो.

फोनवर तू ‘हूं’ म्हणतेस, मी ‘जेवलीस का’ विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून पत्र. एकाच शहरात, सांवेर रोडहून भंवरकुआंला, कुणी पोस्टाने पत्र टाकतं का, असं म्हणून हसशील. हस.

फॅक्टरीतली बातमी. गुरुवारी शिफ्ट सुटली, पण सेठजींची गाडी उभी होती. ती फाटकाबाहेर गेल्याशिवाय ऑफिसातलं कुणी उठत नाही, ही रीत तुला माहीत आहेच. बसलो. झालेल्याच फाइली मी परत उघडल्या. बऱ्याच वेळाने वॉचमन गोपीनाथ दिवे बंद करायला आला.

“अरे भिया, आप लोग अभी तक बैठे हो? सेठजी तो दोपहर में ही हातोद निकल गए, छोटे सेठ की गाडी में.”

तुझ्या टेबलाशेजारचा रजत म्हणाला, “सर, मग आपण काय गाडीचा मान राखत होतो?”

सगळे हसले. मीही हसलो. मग तू आठवलीस.

दिवाळीआधी गाडी अशीच उभी असताना तू वेळेवर उठली होतीस. “बाबा, माझं काम झालंय, निघते.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मालक बसलेत, तू कालची ट्रेनी, लाज नाही वाटत?” दुसऱ्या दिवशी सेठजींच्या केबिनमध्ये नेऊन तुला माफी मागायला लावली. सेठजींनी विचारलं, “किस बात की?” त्यांना काही माहीतच नव्हतं. तरी तू माफी मागितलीस. मग नोकरी सोडलीस, आणि घरही.

तुम्हा मुलांना शिस्त कमी आहे असं मला अजूनही वाटतं, खोटं कशाला लिहू. रजत सुट्टी मागत नाही, सांगतो. ते खुपतं. पण त्याचं काम चोख असतं. तुझंही होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आणि ज्याला मी शिस्त म्हणत आलो, त्यात भीती किती होती, हे आता तपासतोय. उत्तर आवडत नाहीये.

शुक्रवारी ठरवून वेळेवर उठलो. फाटकापर्यंत गेलोसुद्धा. गोपीनाथने विचारलं, “तबियत ठीक है ना, साहब?” स्कूटर न काढता परत येऊन खुर्चीत बसलो. सेठजींसाठी नाही. तुझी आई गेली, आता तूही नाहीस. उजेड असताना घरी पोचून काय करायचं, ते मला येत नाही.

बुधवारी शिफ्ट सुटली की तुझ्या हॉस्टेलखाली येतो. गाडी उभी असली तरी. माफी या वेळी मला मागायची आहे. तुला खाली यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी उभा राहीन. थांबायची मला सवय आहे.

तुझा,
बाबा